प्रतिसाद : मातीशी नातं फक्त डोंगर-नद्यांतनं येत नाही

वर एकांनी लिहिलंय की मराठी देशभक्तीपर कविता म्हणजे सह्याद्री, गड-किल्ले नि नद्यांची यादी. मला हे अर्धंच पटतंय. आमच्या सोलापुरात कुठला आलाय सह्याद्री, इथं काळं रान, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा आणि एक पाऊस झाला की चप्पल रानातच अडकते, तरी 'दगडांच्या देशा' म्हणताना अंगावर काटा येतोच की.

पण सोलापूरच्याच कवी कुंजविहारींचं 'भेटेन नऊ महिन्यांनी' वाचा. फासावर जाणारा पोरगा आईला सांगतो, रडू नकोस, नऊ महिन्यांनी परत तुझ्याच पोटी येतो. डोंगर-नद्यांवर त्यात काहीच अडलेलं नाही, सगळा देश त्या एका आईत आलाय. माझ्या मते याहून मोठी देशभक्ती मराठीत क्वचितच लिहिली गेलीय.

आणि ही नुसती कल्पना नव्हती हो. १९३० च्या मे महिन्यात इथं इंग्रजांचा मार्शल लॉ, म्हणजे लष्करी अंमल लागला, १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा आणि जगन्नाथ शिंदे फासावर गेले. नावं एकदा सावकाश वाचा ना. घरात कानडी बोलणारे, उर्दू बोलणारे, मारवाडी, मराठी, शिवाय तेलंगणातनं येऊन इथल्या मागावर पिढ्या घालवलेले पद्मशाली, सगळ्यांचं हे गाव. त्यामुळं 'भूमिपुत्र' कोण असं कुणी कवितेचा दाखला देऊन विचारलं की मी त्याला या चौघांच्या पुतळ्यांपाशीच घेऊन जातो.