मदत हवी आहे : १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा वर्गात कसा घ्यावा?

नमस्कार मंडळी. विधी महाविद्यालयात फौजदारी कायद्याचे ५० मिनिटांचे दोन तास, वर्गात साधारण ६० मुलं. 'वसाहतकाळातला जुना कायदा, १९५२ मध्ये रद्द' एवढ्यावर विषय संपवायचा नाही.

पहिल्या तासाला दोन मजकूर शेजारी ठेवायचे आहेत. १८७१ च्या कायद्यात एखादी जमात 'गुन्हेगार' असल्याला सरकारची अधिसूचना हाच निर्णायक पुरावा. कोर्टात तिला आव्हान नाही. वर्षभरातच आलेल्या १८७२ च्या पुरावा कायद्यात, कलम ५४ म्हणत होतं की आरोपीचं वाईट चारित्र्य पुरावा म्हणून सहसा असंबद्ध. एकाच राजवटीचे हे दोन नियम. नेमका कोणाला कोणता लागू, हे मुलांनीच शोधावं. दुसऱ्या तासाला सराईत गुन्हेगारांकडून चांगल्या वर्तनाचं हमीपत्र घेण्याची तरतूद : जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम ११०, आता नागरिक सुरक्षा संहितेचं १२९.

अडचण इथेच आहे. चर्चा सुरू झाली की 'पण ते लोक चोऱ्या करायचेच ना?' हे वाक्य हमखास येतं, आणि पारधी किंवा कंजारभाट समाजातला विद्यार्थी असेल तर सगळ्यांच्या माना त्याच्याकडे वळतात. त्याला नमुना करायचं नाही, आणि प्रश्न दडपायचाही नाही. दाखल्यासाठी काल्पनिक जमात घेतली तर इतिहासच गुळमुळीत होतो, म्हणून तो मार्ग नको.

तर : पहिली १५ मिनिटं कशी बांधता? मराठीत वाचता येईल असा त्या काळचा या जमातींच्या पोलीस हजेरीचा नियम किंवा त्यांना जिथे ठेवत त्या वसाहतीतून बाहेर जाण्याचा परवाना कुठल्या अभिलेखागारात पाहायला मिळतो? आणि १० गुणांचा असा प्रश्न सुचवा, ज्यात सहानुभूतीला नव्हे, कलमवाचनाला गुण मिळतील.