बेटावरचं जुनं गाव: तुमचे अनुभव लिहा

इंडोनेशियात बाली-लोंबोकला जाणारी आपली मंडळी वाढलीयेत, पण फोटो येतात ते समुद्राचे आणि झोक्यांचे. तिथल्या एखाद्या जुन्या वळणाच्या गावात कोणी गेलंय का? ‘मस्त होतं’ एवढ्यावर भागवू नका, खटकलं तेही लिहा. सुरुवात मीच करते.

लोंबोकमधलं साडे. तिथल्या सासाक लोकांची वस्ती, विमानतळाहून कुटाच्या किनाऱ्याकडे जाताना रस्त्यालगतच लागते. सोबत सासूबाई, वय ७४. गवताने शाकारलेली घरं, दारं इतकी बुटकी की वाकल्याशिवाय आत जाताच येत नाही. गाव दाखवणारा मुलगा जमिनीकडे बोट करून जरा ओशाळतच म्हणाला, की ही आम्ही म्हशीच्या शेणाने घासतो. आम्ही नाक मुरडू असं वाटलं असणार त्याला. सासूबाई खालीच बसल्या, तळवा फिरवला आणि म्हणाल्या, “अगं, हे तर सारवण! पण बोटं उठलेली नाहीत.” मग त्या घरच्या आजी बाहेर आल्या. मातीत भाताचा तूस मिसळतात म्हणे. “आम्ही आधी चोपण्याने चोपून घेतो,” सासूबाई मराठीतच. हातवारे करत दोघींचं अर्धा तास चाललं होतं, माझी दुभाष्याची गरजच उरली नाही.

विणता आल्याशिवाय मुलीचं लग्न नाही, हा तिथला जुना रिवाज. आणि लग्न म्हणजे मुलाने मुलीला आधी पळवून न्यायचं! खटकलं एवढंच, की गल्लीभर ओढण्या-शालींची दुकानं, नि काही न घेता निघालं की चेहरे पडतात.

*

फ्लोरेस बेटावरचं वाए रेबो. डेंगे गावापासून पुढे डोंगर चढून जायचं, गाव हजार मीटरहून उंचावर. ऐन पावसात गेलो, जळवांनी पाय सोलून काढले. धुक्यातून एकदम शंकूच्या आकाराची सात घरं दिसतात, जमिनीपर्यंत टेकलेली. आधी मुख्य घरात जाऊन वडीलधाऱ्यांनी पूर्वजांना आमची वर्दी द्यायची. तोवर फोटो बंद. घराला पाच मजले: खाली माणसं, वर धान्य, मग बियाणं, दुष्काळासाठीचा साठा, आणि अगदी शेंड्याला पूर्वजांचा नैवेद्य. खिळा एकही नाही, सगळं वेताने बांधलेलं. २०१२ साली युनेस्कोचा वारसा-जतनाचा पुरस्कार मिळाला. रात्री चटईवर गोल करून झोपलो, पाय मध्याकडे. कॉफी त्यांच्याच मळ्यातली. माझ्या घोरण्याबद्दल कोणी काही बोललं नाही, ही तिथल्या मांगराई लोकांची सभ्यता.

*

मला बालीतलं पेंगलिपुरान आवडलं नाही. गाव स्वच्छ आहे, बांबूचं छप्पर, एकासारखी एक दारं. पण तिकीट काढून कोणाच्या अंगणात शिरायचं हे पचलं नाही. आजोबा जेवत होते आणि आम्ही बघत होतो.

*

मग तेंगनानला जा, पूर्व बालीत. इथले लोक इंद्राला मानतात. गोष्ट अशी, की राजाचा उच्चैःश्रवा नावाचा घोडा हरवला, गावकऱ्यांना तो मेलेला सापडला. बक्षीस म्हणून वास पोचेल तेवढी जमीन मिळणार होती. मुखियाने मांसाचा तुकडा कपड्यात लपवला आणि चालत राहिला! आपल्याकडे तलाठ्याला विचारा, असला मोजणीचा किस्सा प्रत्येक गावात निघेल.

गेरिंगसिंग वस्त्र इथलंच. ताणा आणि बाणा दोन्हींचं सूत विणण्याआधीच बांधून रंगवायचं, पाटणच्या पटोळ्यासारखं. पटोळी पूर्वी व्यापारात या बेटांवर जायचीच. जंगली अक्रोडाच्या तेलात सूत मुरत ठेवतात, लाल रंग बारतोंडीच्या मुळांचा. एकेका वस्त्राला वर्षं लागतात. किंमत ऐकून घडी परत ठेवली.

*

सासूबाईंना वाचून दाखवलं. त्या म्हणतात, बारतोंडी आमच्या माहेरी कुंपणाला होती, शाळेचं पटांगण करताना सगळी तोडली.