बीबीसीच्या बातम्या दोन महिने ऐकतोय, तरी कान उघडत नाही. पद्धत चुकतेय का?

तासगावचा_द्राक्षवाला

नमस्कार मंडळी. मी तासगावजवळ द्राक्ष निर्यातीच्या एका पॅकहाऊसमध्ये कागदपत्रांचं काम बघतो. शिक्षण बीकॉम, सगळं मराठी माध्यमातून. वाचायला अडचण नाही. मेल लिहितो, ग्रेपनेटवरच्या, म्हणजे द्राक्ष निर्यातीच्या सरकारी ऑनलाइन प्रणालीतल्या नोंदी करतो, रेसिड्यूचे म्हणजे फवारणीच्या औषधांच्या अंशाचे रिपोर्ट तपासतो. अडतं ते फोनवर. आमचे मोठे खरेदीदार नेदरलँड्समधल्या रॉटरडॅमचे. गेल्या हंगामात त्यांच्या माणसानं एक कागद 'थर्टीन्थ'पर्यंत मागितला आणि मी डायरीत 30 तारीख लिहिली. 14 ला त्यांचा मेल आला तेव्हा कळलं. नुकसान झालं नाही, मालकही रागावले नाहीत, पण तेव्हापासून परदेशातला फोन वाजला की पोटात गोळा येतो आणि मी तो दुसऱ्याच्या हातात देतो. हे मला थांबवायचंय. थोड्या दिवसांत छाटण्या सुरू होतील, जानेवारीत माल चालू. म्हणजे चार महिने आहेत.

परदेशी बातम्या ऐक, कान तयार होतो, असं एकानं सांगितलं. म्हणून बीबीसी वर्ल्ड सर्व्हिस मोबाइलवर लावतो. एसटीत जाताना अर्धा तास, येताना अर्धा तास. देशांची नावं कळतात, माणसांची कळतात, मधलं सगळं ओढ्याच्या पाण्यासारखं वाहून जातं. तेच वाक्य कुणी लिहून दिलं तर त्यातला एकही शब्द मला नवा नसतो, हे जास्त टोचतं. असंच ऐकत राहिलो तर येईल का? ज्यांनी खरंच ऐकून इंग्रजी कमावलंय त्यांनी सांगा.

अभ्यासिका_विश्रामबाग

भावा, बातम्या सोड. बातम्यांसारखं फोनवर कोण बोलतं? बीबीसीचंच 'सिक्स मिनिट इंग्लिश' ऐक. दोघंजण एखाद्या विषयावर गप्पा मारतात, सुरुवातीला एक प्रश्न टाकतात, शेवटी उत्तर देतात, आणि बोललेलं सगळं साइटवर लिहिलेलं असतं. माझा एमपीएससीचा अभ्यास चालू आहे, रोज रात्री मेसवरून आलो की एक ऐकतो. मला फरक पडला.

मेणवलीच्या_बाई

तुझं वय माझ्या जुन्या विद्यार्थ्यांएवढं वाटतं, म्हणून एकेरीत लिहिते. वाई तालुक्यात 33 वर्षं इंग्रजी शिकवलं, आणि ते इंग्रजी माझ्या कानात आलं रेडिओवरून. त्यामुळे 'बातम्या सोड' हे मला पटत नाही. पण तू ऐकतोयस तसं ऐकू नकोस.

शब्द माहीत आहेत पण ऐकू येत नाहीत, हे तू लिहिलंस ते नीट बघू. आपलंच उदाहरण घे. पुस्तकात असतं, 'तू कुठे गेला होतास?' तासगावच्या स्टँडवर असं कोण म्हणतं? 'कुटं गेल्तास?' असंच म्हणतात. पुस्तकावरून मराठी शिकलेला परका माणूस तिथं उभा केला तर 'गेल्तास' त्याला कुठल्याच शब्दकोशात सापडायचं नाही, आणि तरी त्यातले सगळे शब्द त्याला पाठ असतात. 'होतास'मधला 'हो' आपण गिळून टाकतो. इंग्रजीत 'हॅव बीन'चं हेच होतं, 'व्बिन' एवढंच उरतं. 'ऑफ'चा 'अव्', 'अँड'चा नुसता 'न्', 'टू'चा 'ट'. मराठीत अक्षरं साधारण सारख्या वजनानं चालतात, म्हणून शाळेत आपण इंग्रजी शब्दही सुटे सुटे, सारख्या वजनाचे शिकलो. बोलणारा इंग्रज वाक्यातल्या तीन-चार शब्दांवर भार देतो आणि बाकीचे त्यांच्यामध्ये दाबून बसवतो. तू त्या दाबलेल्या शब्दांची पूर्ण रूपं शोधत बसतोस, तेवढ्यात पुढचं वाक्य निघून जातं.

तुझ्या 13 आणि 30 चं मूळही भारातच आहे. सुटं म्हटलं तर 'थर्टीन'मध्ये भार 'टीन'वर पडतो आणि ते लांबतं. 'थर्टी'मध्ये भार 'थर्'वर, शेवटची 'टी' आखूड. तारीख असेल तर 'थर्टीन्थ' आणि 'थर्टिअथ'. फोनवर शेवटचा 'न' विरतो, त्याच्या भरवशावर राहू नकोस. मात्र 'थर्टीन'च्या पुढे लगेच दुसरा शब्द आला, समजा 'थर्टीन पॅलेट्स', तर त्याचाही भार पुढे सरकून 'थर्'वर येतो. म्हणून शंका आली की 'वन-थ्री की थ्री-झीरो' असं सरळ विचारायचं.

आता रेडिओचं सांगते. 1989 साली मी बीए होऊन घरी होते. वडिलांचा ट्रान्झिस्टर होता. शॉर्टवेव्हवर 31 आणि 25 मीटरच्या पट्ट्यात काटा केसभर सरकवत लंडन शोधायचं. ग्रीनविचला तास भरतो तेव्हा आपल्याकडे अर्धा तास झालेला असतो, म्हणून आमच्या घरी लंडनच्या बातम्या साडेआठला, साडेनऊला. पाच आखूड ठोके, सहावा लांब, की बातम्या सुरू. त्या नोव्हेंबरात बर्लिनची भिंत पडली ती मी अशी ऐकली. 11 फेब्रुवारी 1990 ला मंडेला सुटले, रविवार होता, तेही असंच.

पुन्हा लावायची सोय नव्हती. एकदा गेलं ते गेलं. शंभर पानी वही केली. डाव्या पानावर ऐकू आलं तसं लिहायचं, उजवं पान कोरं. दुसऱ्या दिवशी दुपारी वाईच्या वाचनालयात इंग्रजी पेपर आला की उजव्या पानावर खरं काय ते. आखाती युद्धाच्या वेळी, 1991 च्या फेब्रुवारीत, माझ्या डाव्या पानावर लागोपाठ तीन दिवस 'सी फायर' लिहिलेलं आहे. कुवेतच्या तेलविहिरी तेव्हा जळत होत्या, त्यामुळे समुद्रावरही आग पसरली असं मी धरून चालले होते. पेपरात बघितलं तर 'सीझफायर', युद्धविराम. तो शब्द त्यानंतर कधी चुकला नाही. वही अजून माझ्याजवळ आहे.

खरं काय होतं ते दाखवल्याशिवाय कान सुधारत नाही. तुझं एसटीतलं तासभर ऐकणं म्हणजे नुसतं डावं पान, आणि तेही न लिहिलेलं.

म्हणून रोज एकच बातमी घे, एक मिनिटाची. आधी ती मराठीत वाच, पेपरात किंवा बीबीसी मराठीवर. काय घडलं ते माहीत असलं की कानाला फक्त भाषेचं काम उरतं. आणि बातमी आपल्या धंद्याची निवड. 2023 च्या अखेरीस येमेनच्या हुथी बंडखोरांनी तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू केले आणि युरोपचे कंटेनर सुएझ कालवा सोडून आफ्रिकेच्या दक्षिणेकडच्या केप ऑफ गुड होपला वळसा घालून जायला लागले, हे तुला मी काय सांगणार? त्या बातम्यांत 'डिले', 'रीरूट', 'फ्रेट', 'कार्गो' पावलोपावली येतात. तुझ्या फोनवरही तेच येतात.

पहिल्यांदा नुसतं ऐक. दुसऱ्यांदा फक्त नावं आणि आकडे उतरव. मिलियन म्हणजे दहा लाख, बिलियन म्हणजे शंभर कोटी, हे हिशेब न करता यायला वेळ लागतो, लागू दे. मग एकेक वाक्य थांबवून लिही. कळलं नाही तिथं रेघ ओढ, अंदाजानं भरू नकोस. बातमीचं पहिलं वाक्य बहुधा 'हॅज' किंवा 'हॅव' घेऊन येतं आणि पुढची साध्या भूतकाळात असतात. आपल्याकडे नाही का, 'मंत्र्यांनी राजीनामा दिला आहे' आणि मग 'त्यांनी काल सांगितलं'. तसंच.

पहिला महिना मात्र विश्रामबागच्या मुलानं सांगितलेलं 'सिक्स मिनिट'च घे, कारण उजवं पान आयतं मिळतं. व्हॉइस ऑफ अमेरिका या अमेरिकी सरकारच्या रेडिओचे धडे कुठं सापडले तर तेही घे. 1959 साली त्यांनी 'स्पेशल इंग्लिश' सुरू केलं. जवळपास दीड हजार शब्दांतच सगळ्या बातम्या, एका वाक्यात एकच गोष्ट, वेग नेहमीपेक्षा एक तृतीयांशानं कमी. मी वर्गात ते टेपवर ऐकवायचे. 2025 च्या मार्चमध्ये तिथल्या सरकारनं त्या संस्थेचं काम जवळजवळ थांबवलं, तेव्हा मला फार वाईट वाटलं. माझ्या वर्गासारखे किती वर्ग त्या आवाजावर शिकले असतील.

आपशिंगेकर_फौजी

रामराम. बाईंनी ऐकण्याचं सांगितलं, मी बोलण्याचं सांगतो. फौजेत 24 वर्षं काढली, त्यातलं एक काँगोत, गोमाला, शांतिसेनेत. तिथं पाकिस्तानी, उरुग्वेचे, दक्षिण आफ्रिकेचे, प्रत्येकाचं इंग्रजी निराळं. बीबीसीवर नायजेरियाचा, केनियाचा, स्कॉटलंडचा बातमीदार आला की पुढे ढकलू नको. तुझा डच माणूस पण लंडनचा नाही.

वायरलेसवर ऐकू आलं नाही तर 'से अगेन' म्हणायचं. 'रिपीट' म्हणायचं नाही, तोफखान्यात त्याचा अर्थ तोच मारा परत कर असा होतो. निरोप मिळाला की परत वाचून दाखवायचा, आकडे सुटे सुटे. न कळता 'रॉजर', म्हणजे 'निरोप मिळाला', म्हटलं तर आमच्यात शिक्षा व्हायची. 'से अगेन' म्हटल्याबद्दल कुणाला शिक्षा झालेली मी पाहिली नाही. फोन दुसऱ्याकडे देऊ नको.

आणि एक. मी तंबूत रेडिओ लावून बातम्या देणाऱ्याच्या मागोमाग मोठ्यानं म्हणायचो. आपल्याकडं भजनात बुवा पुढं म्हणतात आणि टाळकरी धृपद उचलतात, तसं. तोंडातून एकदा 'व्बिन' निघालं की कानाला ते ओळखू येतं.

तासगावचा_द्राक्षवाला

बाई, दादा, भावा, आज 22 दिवस झाले म्हणून लिहितोय. एसटीतलं ऐकणं बंद केलं. पहाटे साडेपाचला उठून स्वयंपाकघरात बसतो, आई चहा ठेवते तेवढ्यात एक बातमी होते. बाईंनी महिनाभर 'सिक्स मिनिट' सांगितलं होतं, मी दोन आठवडेच केलं आणि तांबड्या समुद्राच्या जुन्या बातम्यांवर आलो, राहवलं नाही. बातमीचा लिहिलेला मजकूर साइटवर शब्दशः मिळत नाही, पण तीच नावं, तेच आकडे असतात, निम्म्या रेघा त्यावरून भरतात. पहिल्या दिवशी एका मिनिटात 19 रेघा होत्या. काल 7.

मोठ्यानं म्हणायला सुरुवातीला घरात लाज वाटली. आता आई विचारते, आज जहाज पोचलं का.

शुक्रवारी रॉटरडॅमचा फोन आला, नवीन हंगामाच्या बोलण्याचा. मी घेतला. दोनदा 'से अगेन, प्लीज' म्हणालो. शेवटी तारखा आणि पॅलेट परत वाचून दाखवले, त्यानं एक दुरुस्त केलं, बाकी बरोबर होते.

एक जागा सुटत नाहीये बाई. जहाजांच्या बातमीत 'हाफ्टगो' असं काहीतरी येतं. सहा वेळा ऐकलं. 'हाफ' म्हणजे अर्धं, तर तिथं अर्धं काय?

मेणवलीच्या_बाई

'हॅव टू गो'. 'करावं लागतं' या अर्थाच्या 'हॅव टू'त पुढच्या 'ट'मुळे 'व्ह'चा 'फ' होतो. जहाजांना लांबून जावं लागतंय, असं ते वाक्य असणार. उजव्या पानावर तसं लिही, आणि डावीकडचं 'हाफ्टगो' खोडू नकोस. उरलेल्या सहा रेघा पण इथं टाक.