मदत हवी आहे: गावानं मतदानावर बहिष्कार ठरवला, आई म्हणते मी मत देणारच

रपट्यापलीकडचा

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसता वाचक आहे, आज अडचणीत सापडलो म्हणून लिहितो.

गाव यवतमाळ जिल्ह्यात, नाव सांगत नाही. मतदार साधारण साडेसातशे. गावाच्या अलीकडे नाला, नाल्यावर रपटा, म्हणजे पुलाऐवजी पाण्यालगत बांधलेला ठेंगणा रस्ता. आषाढात दोन तास पाऊस झाला की रपटा पाण्याखाली जातो आणि आम्ही पलीकडे अडकतो. एसटी जूनमध्ये जी बंद होते ती दिवाळीलाच तोंड दाखवते. दोन वर्षांपूर्वी एका बाळंतिणीला चौघांनी खाटेवर घालून कमरेएवढ्या पाण्यातून काढलं. बाई आणि बाळ दोघं सुखरूप आहेत, हे आधीच सांगतो, नाहीतर सगळे तेच विचारतील. पूल मागून मागून निवेदनांची फाईल माझ्या मनगटाएवढी जाड झाली आहे.

आता जिल्हा परिषद, पंचायत समितीची निवडणूक आज लागेल, उद्या लागेल असं चाललंय. परवा मारुतीच्या पारावर बैठक झाली आणि ठरलं, पूल नाही तर मत नाही. बोर्ड मीच रंगवला. खरं सांगायचं तर विषयही मीच काढला होता. पण बैठक उठता उठता कोणीतरी पिल्लू सोडलं की जो मत टाकेल त्याला २१०० रुपये दंड आणि पोळ्याला त्याची बैलजोडी तोरणाखाली येऊ द्यायची नाही. सगळ्यांनी हो हो केलं. मीही मान हलवली.

घरी आलो तर आई म्हणते, "मी जाणार हाव. तुही आजी बैलबंडीत बसून शिक्का माराले जाये, अन् मी मोटारसायकल असून घरी बसू काय? रपटा सरकारचा हाये, बोट त माह्यं हाये ना."

आईचं वय ६३. एकदा म्हणाली की म्हणाली. तर मला विचारायचंय:

बहिष्कारानं खरंच काही होतं का? दंड लावता येतो का? त्यापेक्षा सगळ्यांनी नोटा, म्हणजे यंत्रावरचं 'यांपैकी कोणी नाही' हे बटन, दाबलेला बरा का? आणि आई एकटी गेली तर तिनं कोणाला मत दिलं ते गावाला कळेल का? शेवटच्या प्रश्नानं जास्त झोप उडाली आहे, कारण आमच्या घरातले दोघं दोन पक्षांत आहेत.

कापूसकोंड्या

राजेहो, तुम्ही मत द्या नाहीतर नका देऊ, पूल काही येत नाही. कापसाला भाव आला की पूल येईल. म्हणजे कधी ते समजून घ्या.

खडूफळा

निवृत्त शिक्षक आहे. नोकरीत निवडणुकीची ड्युटी किती वेळा केली याचा हिशोब नाही, पण बहिष्काराच्या गावात केंद्राध्यक्ष म्हणून एकदाच बसलो. विधानसभा होती, नोटा यायच्या आधीची.

सकाळी मतदान सुरू करण्याआधी मशीन उमेदवारांच्या एजंटांसमोर तपासून दाखवावी लागते. एजंटच आले नाहीत. सात वाजले, आठ वाजले, शाळेच्या अंगणात फक्त कोंबड्या. दहा वाजता नायब तहसीलदार आले, मग ठाणेदार, मग तहसीलदार. पारावर बसून समजूत काढत होते. गावकरी अगदी शांत. आम्हाला दुपारी पिठलं-भाकर त्यांनीच आणून दिली, वर म्हणाले, गुरुजी तुमच्यावर राग नाही.

दिवसभरात रजिस्टरवर चार सह्या झाल्या. पोलीस पाटील, कोतवाल, अंगणवाडीच्या बाई आणि त्यांचे मालक. आता तुमच्या शेवटच्या प्रश्नाकडे येतो. मोजणी मशीनवार होते, म्हणजे केंद्रवार. टेबलाच्या जाळीपलीकडे प्रत्येकाचा एजंट कागद-पेन घेऊन बसलेला असतो. त्या केंद्राचे आकडे आले, तीन एकाला, एक दुसऱ्याला. संध्याकाळी गावात पोचेपर्यंत चर्चा एवढीच, तो एक कोण? बिचाऱ्या कोतवालाला वर्षभर लोकांनी छळलं. मला वाटतं तो नव्हताच.

तेव्हा तुमची आई एकटी गेली तर कळेल. शंभर टक्के कळेल. साडेसातशे मतांत एक मत लपतं, चारात लपत नाही. विधानसभा-लोकसभेचे केंद्रवार आकडे तर नंतर फॉर्म २० मध्ये छापूनच येतात, कोणीही पाहावेत.

काळाकोट

तालुक्याच्या कोर्टात वकिली करतो. दंडाचं आधी सांगतो, कारण तिथं तुम्ही स्वतः अडकाल.

मत न देणं हा गुन्हा नाही. आपल्याकडे मतदान सक्तीचं नाही. साडेसातशे माणसं आपखुशीनं घरी बसली तर कायदा काही करू शकत नाही. पण "मत दिलंस तर दंड, पोळ्यात येऊ देणार नाही" हे वेगळं प्रकरण आहे. निवडणुकीत मतदारावर धाक घालणं गुन्हा आहेच, शिवाय महाराष्ट्रात सामाजिक बहिष्काराविरुद्धचा २०१६ चा कायदा आहे, जुलै २०१७ पासून लागू. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. पोळ्याचं तोरण तुम्हाला किरकोळ वाटेल, पण सण-समारंभातून एखाद्याला तोडणं नेमकं ह्याच कायद्यात बसतं. तो ठराव कोणी वहीत लिहिला असेल तर लिहिणाऱ्याला आजच सांगा. मान हलवणाऱ्यांनाही सांगा.

आता नोटा. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल २७ सप्टेंबर २०१३ चा. त्याआधी नियम ४९-ओ होता, म्हणजे रजिस्टरवर सही करायची आणि केंद्राध्यक्षाला तोंडानं सांगायचं की मला मत द्यायचं नाही. खोलीतल्या सगळ्यांना ऐकू जायचं. न्यायालय म्हणालं, मत देणाऱ्याला गुप्तता आहे तशी नाकारणाऱ्यालाही पाहिजे. म्हणून यंत्रावर शेवटचं बटन आलं.

पण त्या बटनात ताकद किती? लोकसभा-विधानसभेला नोटा पहिला आला तरी त्याच्याखालचा उमेदवार निवडून येतो. डिपॉझिट वाचवायला लागतात त्या एक षष्ठांश मतांतही नोटा धरत नाहीत. २०२४ ला इंदूरात २ लाख १८ हजारांवर लोकांनी नोटा दाबला, जिंकणारा बारा लाखांच्या वर मतं घेऊन गेला. आपल्याकडे लातूर ग्रामीणला २०१९ मध्ये नोटा दुसऱ्या नंबरवर होता. पुढे काय झालं? काही नाही. राज्य निवडणूक आयोगानं २०१८ मध्ये नगरपालिका-महानगरपालिकांपुरतं केलं की नोटा सर्वांत वर असेल तर फेरनिवडणूक. तुमचं गाव त्यात येत नाही.

वर्धेकाठचा

वकीलसाहेब, सगळं बरोबर. पण बहिष्कारानं काही होत नाही हे मी मानणार नाही. आमच्या गावात झालं. पाण्याची टाकी पाच वर्षं अर्धवट होती. आम्ही बोर्ड लावला, पेपरात फोटो आला, तिसऱ्या दिवशी गटविकास अधिकारी आणि शाखा अभियंता हजर. लेखी घेतलं, बोर्ड काढला, सगळ्यांनी मतं टाकली. टाकी झाली. गळते, पण आहे.

गंमत कशात आहे ते ऐका. आम्ही बोर्ड लावला तो आचारसंहिता लागायच्या दीड महिना आधी. आचारसंहिता लागली की तहसीलदाराच्या हाती काहीच राहत नाही. नवीन काम मंजूर करता येत नाही, नारळ फोडता येत नाही, तो फक्त हात जोडू शकतो. मतदानाच्या दिवशी रुसलेल्या गावाला हात जोडण्यापलीकडे कोणी काय देणार? मेळघाटातल्या काही गावांनी २०२४ च्या लोकसभेला खरोखर मत दिलं नाही. रस्ता, वीज, पाणी यासाठीच. त्यांचं दुःख आपल्यापेक्षा मोठं, बोलायची सोय नाही. पण यंत्र रिकामं परत गेल्यावर तुमच्याकडे सौदा करायला उरतं काय?

म्हणून माझं मत, धमकी द्या, वेळेवर द्या, आणि ती वापरायची वेळ येऊ देऊ नका.

मोजमाप

मी राजकारणात थोडा असतो, कुठल्या बाजूचा ते सोडा. एक गोष्ट सांगतो जी पारावर कोणी बोलत नाही.

प्रत्येक उमेदवाराकडे गावांची यादी असते. आपलं, त्याचं, मधलं. तुमचं गाव ज्याच्या वहीत "त्याचं" आहे, त्याला तुमचा बहिष्कार म्हणजे लॉटरी. साडेसातशे विरोधी मतं फुकट गायब. असा बोर्ड रंगवायला मागून पेंटचे पैसे देणारेही मी पाहिलेत. धागाकर्त्याला म्हणत नाही, त्यानं स्वतःच्या खिशातून रंग आणला असेल. पण २१०० चं पिल्लू कोणी सोडलं आणि तो कोणाच्या गाडीत फिरतो, एवढं पाहा.

आणि साडेसातशे म्हणजे थोडी मतं समजू नका. २०२४ च्या विधानसभेला साकोलीचा निकाल २०८ मतांनी लागला, बुलढाण्याचा ८४१ नं. हे अख्खे विधानसभा मतदारसंघ. पंचायत समितीचा गण म्हणजे मूठभर गावं. तुमच्या एका गावानं तिथं माणूस बसतो किंवा पडतो.

कापूसकोंड्या

मोजमाप भाऊ, म्हणजे तुमच्या वहीत आमचं गाव कुठं आहे ते सांगा ना.

मोजमाप

कोंड्या, तुमचं गाव "कधीच सांगता येत नाही" मध्ये आहे.

रपट्यापलीकडचा

सगळ्यांचे आभार. रंग माझ्याच पैशाचा होता, पावती आहे. बाकी मोजमापसाहेबांचं बोलणं डोक्यात राहिलं. २१०० म्हणणारा कोणाच्या गाडीत फिरतो ते मला माहीत आहे, पण याआधी मी दोन गोष्टी जोडून पाहिल्या नव्हत्या.

एक मनातलं लिहितो. मार्च २०२२ मध्ये आमच्या जिल्हा परिषदेची मुदत संपली, तेव्हापासून प्रशासक. म्हणजे गावानं बहिष्कार न टाकताही आमचं त्या सभागृहातलं मत वर्षानुवर्षं बंदच आहे. त्या काळात पुलासाठी मी ज्या ज्या टेबलाजवळ गेलो, तिथला साहेब बदलून गेलेला असायचा. आधीचा सदस्य कामाचा नव्हता, पण निदान त्याच्या घरासमोर जाऊन ओरडता तरी येत होतं. बोर्ड रंगवताना हे का आठवलं नाही कोण जाणे.

दंडाचं मित्रांना वाचून दाखवलं. दोघं घाबरले, एक म्हणाला, वकील लोकं असंच सांगतात.

खडीगिट्टी

बांधकाम खात्यात होतो, उपविभागाला. सगळे मतावर बोलतायत, मी पुलावर विचारतो. तुमच्या रस्त्याला नंबर आहे का?

नुसता पायाखालचा रस्ता चालत नाही. जिल्हा परिषदेच्या रस्त्यांच्या यादीत ग्रामीण मार्ग किंवा इतर जिल्हा मार्ग म्हणून त्याची नोंद पाहिजे. ज्याला नंबर नाही तो कागदावर रस्ताच नाही, मग त्यावर ३०५४ मधून, म्हणजे रस्ते-पुलांच्या सरकारी निधीतून, पूल कसा मागणार? निवेदन येतं, वाचतात, "योग्य कार्यवाहीस्तव" लिहून खालच्या टेबलाला पाठवतात. पंचवीस-पंधरामधून, म्हणजे गावातल्या कामांच्या निधीतून, छोटी कामं होतात, नाली, सभामंडप वगैरे, पण नाल्यावरचा पूल त्या पैशात बसणं कठीण. पंचायत समितीच्या बांधकाम उपविभागात माहितीच्या अधिकारात एवढंच विचारा, रस्ता यादीत आहे का, असेल तर नंबर काय, लांबी कुठून कुठपर्यंत. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा.

आणि यादीत नसेल तर तो घेण्यासाठी जिल्हा परिषदेचा ठराव लागतो. ठराव मांडायला सदस्य लागतो. पुढचं तुम्ही समजलात.

काळाकोट

खडीगिट्टी, हा प्रतिसाद पहिला यायला हवा होता.

रपट्यापलीकडचा

मंडळी, उशिरा लिहितोय, कापूस वेचणी चालू होती, बाया मिळत नव्हत्या.

अर्जाचं उत्तर आलं. आमच्या रस्त्याला नंबर आहे. पण लांबी नाल्याच्या अलीकडच्या काठापर्यंतच. रपटा आणि पुढचे साडेतीनशे मीटर कुठल्याच यादीत नाहीत. मनगटाएवढ्या फाईलीत हे एकदाही, एकाही साहेबानं लिहिलं नव्हतं. आम्हीही विचारलं नव्हतं.

काल पुन्हा बैठक झाली. उत्तराचा कागद सगळ्यांना दाखवला. दंडाचं कलम निघालं, वहीत लिहिलेलंच नव्हतं, सुटलो. बोर्ड मात्र निघाला नाही. अर्धे म्हणतात, आचारसंहिता लागायच्या आत रस्त्याची लांबी वाढवायचा प्रस्ताव लेखी येऊ दे, मग काढू. अर्धे म्हणतात, जो उमेदवार पारावर येऊन ठराव मांडायचं स्टॅम्प पेपरवर लिहून देईल त्याला गठ्ठा मतं. स्टॅम्प पेपरची किंमत काय ते काळाकोट यांनी सांगावं. बाकी बसून राहू म्हणणारेही आहेत, त्यांचा राग खोटा नाही. खाटेच्या चार पायांपैकी एक त्यातल्याच एकाच्या खांद्यावर होता.

मला आता पुढची मदत हवी आहे. रस्त्याची लांबी वाढवून यादीत घेण्यासाठी ग्रामसभेच्या ठरावाचा नमुना कोणाकडे असेल तर टाका. नकाशा तलाठ्याकडून घ्यायचा की भूमी अभिलेखमधून, तेही सांगा.

आईला म्हटलं, गाव काय ठरवतं ते पाहू, मग जाऊ. ती चूल फुंकत होती. म्हणे, "गाव ठरवन तवा ठरवन. तू गाडीत पेट्रोल टाकून ठेव."