मदत हवी आहे : तेजोमेघांसाठी यूएचसी फिल्टर घ्यावा की ओ-थ्री?

मंडळी, नमस्कार. मी साताऱ्याचा. ८ इंची डॉब्सोनियन दुर्बीण आहे, फोकल लेंग्थ १२०० मिमी. बहुतेक वेळा २५ मिमीचा आयपीस (डोळ्याजवळचं भिंग), म्हणजे ४८ पट मोठं दिसतं. घराच्या गच्चीसमोरच एलईडीचा खांब आहे, म्हणून यवतेश्वरला वर जातो. पण तिथूनही पूर्वेला शहराचा उजेड दिसतोच, आणि मृग नेमकं त्यातूनच वर येतं!

मागच्या आठवड्यात मित्राचा यूएचसी (आयपीसला लावायचा, ठरावीक रंगांचाच प्रकाश आत सोडणारा फिल्टर) तासभर मिळाला. मृगातल्या तेजोमेघाचे पंख केवढे लांब पसरले, मागचं आभाळ काळं झालं. तारे मात्र मंद आणि हिरवट. तेव्हापासून डोक्यात दुसरं काही नाही.

यूएचसी ऑक्सिजनच्या ४९६ आणि ५०१ नॅनोमीटरच्या प्रकाशरेषांबरोबर हायड्रोजनची ४८६ची रेषाही (हायड्रोजन-बीटा) आत येऊ देतो, ओ-थ्री फक्त ऑक्सिजनच्या, एवढं कळतं. पण खिशाला एकच परवडतोय. हंस तारकासमूहातला व्हेल (Veil) तेजोमेघ बघायचाय (हंस रात्रभर डोक्यावर असतो तेव्हा आपल्याकडे धो धो पाऊस, दिवाळीच्या सुमारास पश्चिमेला जरा वेळ सापडतो), त्याला ओ-थ्रीच हवा म्हणतात. मग रोझेट आणि मृगातल्या तेजोमेघांचं काय? ८ इंचात ओ-थ्रीने फार अंधारतं का?

दोन्ही वापरलेल्यांनी सांगा. आणि फिल्टर सव्वा इंची मापाचाच घेऊ ना? मागे स्वस्तातला एक ऑनलाइन मागवला होता, तो निव्वळ हिरवी काच निघाला. अस्सल कसा ओळखता तेही लिहा.