नवमतदार नोंदणीसाठी आधारचे छायाचित्र कार्यकर्त्याला व्हॉट्सॲपवर पाठवावे का?

प्रश्न: पालक, फोंडा

माझी मुलगी नुकतीच अठरा वर्षांची झाली आहे आणि मतदार यादीत तिचे नाव घालायचे आहे. आमच्या वाड्यावर सध्या एका पक्षाचे कार्यकर्ते घरोघरी फिरत असून, आधार कार्डाच्या दोन्ही बाजूंचे छायाचित्र, जन्मदाखला, फोटो आणि मोबाईल क्रमांक व्हॉट्सॲपवर पाठवा, ओटीपी आला की तोही सांगा, बाकी नोंदणीचा अर्ज म्हणजे फॉर्म ६ आम्ही भरतो, असे ते सांगतात. माणसे ओळखीची असल्यामुळे तोंडावर नाही म्हणणे जड जाते, आणि शेजारच्या काही मुलांनी सगळे कागद पाठवलेही आहेत. तरीही मुलीची एवढी माहिती कोणाच्या तरी खासगी फोनमध्ये कायमची राहावी, हे मनाला पटत नाही. नोंदणीसाठी आधार देणे बंधनकारक आहे का, आणि दिलेल्या माहितीपैकी नेमके काय सर्वांसमोर येते, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर: बीएलओ (मतदान केंद्रस्तरीय अधिकारी) म्हणून काम केलेला शिक्षक, डिचोली

आपली शंका रास्त आहे. मुलीचा अर्ज हा मतदार नोंदणी अधिकाऱ्याकडे केलेला अर्ज असतो. तो आपल्या भागाच्या बीएलओकडे किंवा मामलेदार कचेरीत कागदावर देता येतो, नाहीतर निवडणूक आयोगाच्या पोर्टलवर स्वतः भरता येतो. पक्षाने रीतसर नेमलेल्या मतदान केंद्र प्रतिनिधीलाही अर्ज आणून देण्याची मुभा आहे, पण त्याला दिवसाला दहापेक्षा जास्त अर्ज देता येत नाहीत आणि त्यांतील तपशील आपण स्वतः पडताळल्याचे लेखी द्यावे लागते. म्हणजे तो फार तर अर्ज पडताळून पोहोचवणारा. कागदांची छायाचित्रे स्वतःच्या फोनवर घेण्याचा अधिकार त्याला कोणत्याही नियमाने दिलेला नाही.

ओटीपीबद्दल मात्र फार जपून राहा. सप्टेंबर २०२५ पासून ऑनलाइन अर्जाला आधारशी जोडलेल्या मोबाईलवरून ई-स्वाक्षरी करावी लागते. तो ओटीपी म्हणजे आपल्या मुलीची सहीच आहे, आणि अर्जात खोटे विधान आढळले तर लोकप्रतिनिधित्व अधिनियम १९५० च्या कलम ३१ खाली एक वर्षापर्यंतची कैद किंवा दंड आहे. जो अर्ज तिने वाचलेलाच नाही, त्याच्याखाली तिची सही का जावी?

माझा सल्ला कागदी अर्जाचा आहे. जन्मतारीख आणि पत्त्याच्या पुराव्याच्या स्वयंसाक्षांकित प्रती जोडा आणि पोच घ्या. पत्त्यासाठी पालकांच्या नावाचे वीज किंवा पाण्याचे बिल चालते. मोबाईल क्रमांक मुलीचा स्वतःचाच घाला, म्हणजे अर्जाचे पुढे काय झाले त्याचा निरोप कार्यकर्त्याच्या फोनवर न जाता तिच्याकडे येईल.

उत्तर: वकील, म्हापसा

आधारपुरता कायदा स्पष्ट आहे, घोटाळा फॉर्मच्या मांडणीत आहे. २०२१ च्या दुरुस्तीने लोकप्रतिनिधित्व अधिनियम १९५० च्या कलम २३ मध्ये आधारची तरतूद आली, पण पुरेशा कारणास्तव आधार न दिल्यास नोंदणी नाकारता येणार नाही, असे त्याच कलमात लिहिले आहे. फॉर्म ६ वर मात्र दोनच पर्याय दिसतात: आधार क्रमांक लिहा, किंवा आपल्याकडे आधार नसल्यामुळे तो देता येत नाही असे जाहीर करा. ज्याच्याकडे आधार आहे पण द्यायचा नाही, त्याला खरे लिहायला जागाच उरत नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे आयोगाने मतदार नोंदणी नियमांतील नियम २६-ब खाली आधार बंधनकारक नसल्याचे आणि फॉर्ममध्ये स्पष्टीकरणात्मक बदलांचा विचार करत असल्याचे सांगितले होते. खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे २०१७ मध्ये नऊ न्यायाधीशांनी एकमताने मान्य केल्यानंतरही नागरिकाला अशा रकान्यापुढे अडून बसावे लागते, हे मला गंभीर वाटते.

आता दुसरा प्रश्न. नाव, वडिलांचे किंवा अन्य नातेवाईकाचे नाव, घर क्रमांक, वय, लिंग आणि मतदार ओळखपत्र क्रमांक हे मतदार यादीतच असते. शिवाय नव्या अर्जांची यादी फॉर्म ९ मध्ये लावली जाते, कारण खोटे नाव घुसत असेल तर गावातल्या मतदाराला हरकत घेता आली पाहिजे. हा उघडेपणा मला आवश्यक वाटतो. आधार क्रमांकाचे तसे नाही. तो कोठेही प्रसिद्ध होऊ नये, कागद जाहीर करावा लागला तर तो झाकावा, असा आयोगाचाच आदेश आहे, आणि आधार गोळा करणाऱ्या फॉर्म ६-ब च्या प्रती दुहेरी कुलपात ठेवण्याची सूचना २०२२ मध्ये दिली गेली. सरकारी कचेरीला दुहेरी कुलूप आणि कार्यकर्त्याचा फोन मात्र सताड उघडा, हे कसे चालेल?

डिजिटल वैयक्तिक विदा (म्हणजे माहिती) संरक्षण अधिनियम २०२३ मध्ये आला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले, पण माहिती गोळा करणाऱ्यावरील मुख्य बंधने त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू होणार आहेत. कायद्यानेच जाहीर करावी लागणारी माहिती या अधिनियमाच्या कक्षेबाहेर आहे, म्हणून यादीत छापलेल्या मजकुराला त्याचे संरक्षण मिळणार नाही. तूर्त माहिती हातून न सोडणे हेच खरे संरक्षण आहे.

प्रश्नकर्ते

दोघांचेही मनापासून आभार. आम्ही अर्ज कागदावर भरून बीएलओकडे देऊ. शेजारच्या ज्या मुलांनी कागद आधीच पाठवले आहेत, त्यांनी आता काय करावे?

उत्तर: डिचोलीचे शिक्षक

त्यांनी पाठवलेली छायाचित्रे काढून टाकण्याची लेखी विनंती त्याच व्हॉट्सॲपवर करावी, म्हणजे निदान नोंद राहील. आधारच्या संकेतस्थळावर बायोमेट्रिक लॉक करावे आणि पुढे कोणाला प्रत द्यावी लागली तर पहिले आठ अंक झाकलेले मास्क्ड आधारच द्यावे. आपल्या नावाने अर्ज खरोखर दाखल झाला आहे का, त्यात पत्ता आणि मोबाईल कोणाचा घातला आहे, हे १९५० या मतदार मदत क्रमांकावर किंवा मामलेदार कचेरीत विचारून घ्यावे. कोणाचा ओटीपी आधीच दिला गेला असेल, तर त्याने फोन न करता स्वतः कचेरीत जाऊन अर्जाची प्रत डोळ्यांखालून घालावी.