विषय: आई-बाबांना अलास्काची क्रूझ झेपेल का?

मेघना, सोमवार रात्री

नमस्कार मंडळी,
जूनमध्ये आई-बाबा पुण्याहून इकडे अमेरिकेत येताहेत. बाबा ७४ वर्षांचे, गुडघे कुरकुरतात. आईचे उपास आणि शुद्ध शाकाहार. मुलं ६ आणि ११. सिएटलहून निघणारी सात रात्रींची अलास्का क्रूझ बघतेय. नवऱ्याच्या मते क्रूझ म्हणजे तरंगता मॉल, त्यापेक्षा गाडी काढून मोंटानातल्या ग्लेशियर नॅशनल पार्कला जाऊ. मला मात्र सात दिवस कुणीतरी आयतं ताट हातात द्यावं, एवढंच हवंय. ज्यांनी केली आहे त्यांनी खरं काय ते सांगा. फोटो नकोत, ते फेसबुकवर पाहिलेत!

---

अविनाशकाका, मंगळवार सकाळी

चि. मेघना,
आम्ही दोनदा जाऊन आलो, म्हणून जरा लांबण लावतो.

पहिल्या वेळी मीच नाक मुरडत होतो. लहानपणी भाऊच्या धक्क्यावरून रत्नागिरीच्या बोटीत बसलेला माणूस मी. आमची आजी बोटीत पाय ठेवायच्या आधीच लिंबू हुंगायला घ्यायची. बोट बंदराबाहेर उभी राहायची आणि मग पडावात उतरायचं. लाट वर आली की खालचा तांडेल ओरडायचा, ‘टाका उडी!’ जहाज म्हणजे काय, याची माझी कल्पना तेवढीच.

इथे सिएटलच्या धक्क्यावर पूल चढून आत गेलो आणि लिफ्टने सातव्या मजल्यावर. बाबांच्या गुडघ्यांना याहून सोयीची सहल नाही. रोज सामान बांधा, हॉटेल बदला, चार तास गाडीत बसा, यातलं काही नाही. मुलांना पोहायच्या तलावाशी सोडा, तासाभराने भुकेली होऊन आपोआप परत येतात.

बोट लागते का? लागू शकते. सिएटलची पुष्कळ जहाजं व्हँकूवर बेटाच्या पश्चिमेने, उघड्या समुद्रातून जातात. पहिल्या रात्री काकू आडवी होती. खोली खालच्या मजल्यावर, जहाजाच्या मध्यावर घे, तिथे डोलणं कमी. कॅनडातल्या व्हँकूवर शहरातून निघणारी जहाजं बेटांच्या आडून जातात, पाणी शांत. पण तिथवर जाणं आलं.

एक बघून ठेव: कार्यक्रमात कुठल्या बंदरापुढे ‘टेंडर’ लिहिलंय का. म्हणजे जहाज बाहेर उभं राहणार आणि छोट्या होडीतून नेणार. आमचा पडावच तो, फक्त आता लाइफ जॅकेट आणि हसरा खलाशी. गुडघे दुखणाऱ्याने त्या दिवशी जहाजावरच थांबावं. जहाज रिकामं असतं, कॉफी गरम असते.

आणि काकूला विचार, तिला क्रूझ का आवडली. तीस वर्षं आमच्या सहलींत मोटेलच्या खोलीत राइस कुकर लावून खिचडी टाकणारी तीच. आमच्या टेबलाचा वाढपी म्हापशाचा निघाला. गोव्यात यांना तारवटी म्हणतात, सहा-सहा नऊ-नऊ महिने घरापासून लांब. तो काकूला हळूच म्हणाला, ‘आज रात्री सांगा, उद्या डाळ, भात, भाजी करून आणतो.’ आणली की! त्या दिवसापासून आमची टेबलावरची पत वाढली.

टिपेचे पैसे रोज माणशी साधारण सोळा ते वीस डॉलर आपोआप लागतात, मुलांचेसुद्धा. तिकिटाची किंमत बघताना ते धर, नाहीतर शेवटच्या रात्रीचं बिल बघून नवरा मॉलचा विषय परत काढेल.

अ. का.

---

शेखर, मंगळवार दुपारी

मेघना, मी नवऱ्याच्या बाजूने.
जुनोला रस्त्याने जाताच येत नाही, अलास्काची राजधानी असून! अशा गावात एकाच दिवशी चार-पाच जहाजं लागली की दोन गल्ल्या दागिन्यांच्या दुकानांनी आणि आपल्यासारख्यांनी भरतात. २०२४ पासून गावाने दिवसाला पाच मोठ्या जहाजांची मर्यादा घातली, तीही गावकऱ्यांच्या तक्रारींनंतर. मेंडेनहॉल हिमनदी बघायला मिळते ती घड्याळाकडे बघत. चालायची आवड असेल तर क्रूझ हा छळ आहे. वाट रंगात आली की जहाज सुटायची वेळ.
मी सिएटलच्या उत्तरेकडच्या बेलिंगहॅमहून सरकारी फेरीबोटीने गेलो होतो. लोक डेकवर तंबू ठोकतात. गाव आवडलं तर उतरायचं आणि पुढची फेरी पकडायची. अर्थात ७४ व्या वर्षी बाबांना तंबूत झोपवा असं मी म्हणत नाहीये.

---

सुजाता, मंगळवार संध्याकाळी

मुद्दा थोडा वेगळा आहे, पण यादीवर माझ्यासारख्या अजून असतील म्हणून लिहिते. हे गेल्यावर मी एकटीने प्रवास सुरू केला. गटसहलीत सगळी जोडपी, आपण कायम कुणाच्या तरी गाडीत तिसऱ्या. जहाजावर तसं होत नाही. जेवायला सहा-आठ जणांच्या टेबलावर बसवा म्हटलं की बसवतात, आणि नको असेल तेव्हा दार लावून पुस्तक वाचा, कुणी ‘एकटी का?’ विचारत नाही. रात्री अकरालाही डेकवर निर्धास्त फिरते.
खटकतं ते भाडं. दर दोघांच्या खोलीचा असतो, त्यामुळे एकट्याकडून बऱ्याचदा जवळजवळ दुप्पट घेतात. २०१० सालच्या नॉर्वेजियन एपिक जहाजावर एकट्यासाठीच बांधलेल्या छोट्या खोल्या आल्या, आता इतरांकडेही दिसतात. पण त्या मोजक्याच, महिनोन् महिने आधी संपतात.

---

रोहिणी, मंगळवार रात्री

खोली कुठल्या मजल्यावर ते नंतर. मेघना, आई-बाबांकडे कॅनडाचा व्हिसा आहे का?
अमेरिकेचा १८८६ सालचा कायदा आहे: परदेशी झेंड्याच्या जहाजाला प्रवासी घेऊन अमेरिकेतून निघून अमेरिकेतच नुसतं परत येता येत नाही, मध्ये परदेशी बंदर लागतं. ही जहाजं बहुतेक बहामा, पनामा, बर्म्युडाची. म्हणून सिएटलची प्रत्येक अलास्का फेरी व्हिक्टोरियाला किंवा कॅनडातल्या दुसऱ्या बंदराला थांबते, बऱ्याचदा संध्याकाळी चार-पाच तास. भारतीय पासपोर्टवर पर्यटक म्हणून आलेल्यांना त्यासाठी कॅनडाचा व्हिसा लागतो. ‘आम्ही उतरणारच नाही’ हे चालत नाही. धक्क्यावरूनच परत पाठवतात. माझ्या सासू-सासऱ्यांना पाठवलं, सात बॅगांसकट. एजंटाने एका शब्दाने सांगितलं नव्हतं.
तुमचं ग्रीन कार्ड असेल तर तुम्हाला व्हिसा नको, पण कार्ड आणि पासपोर्ट दोन्ही जवळ हवेत. एच-वन-बी वाल्यांना (नोकरीच्या व्हिसावर असलेल्यांना) मात्र लागतो.
व्हिसा वेळेत नाही झाला तर हवाईची ‘प्राइड ऑफ अमेरिका’ बघ. ती अमेरिकी झेंड्याची आहे, होनोलुलूहून निघून बेटांमध्येच फिरते, परदेशी बंदर नाही.

---

मेघना, बुधवार

रोहिणी, तुला साष्टांग नमस्कार. मी डिपॉझिट भरणारच होते! रात्रीच पुण्याला फोन केला, बाबा आज अर्ज भरताहेत. व्हिसा आला तर अलास्का, नाहीतर हवाई.
नवऱ्याची समजूत वाटेतल्या अलास्कातल्या स्कॅगवे गावच्या आगगाडीने काढली. १८९८ साली सोन्याच्या धावपळीत बांधायला घेतलेली, तीन फुटी रुळांची, वीस मैलांत २,८६५ फूट चढणारी. बाबा म्हणाले, ‘म्हणजे माथेरानच्या गाडीची थोरली बहीण.’ दोघंही आता त्याच एका दिवसासाठी येणार आहेत.
आईने एकच विचारलं: त्या आठवड्यात एकादशी आली तर? घरचं शिजवलेलं जहाजावर नेऊ देत नाहीत असं वाचलं. काका, तो म्हापशाचा वाढपी कुठल्या जहाजावर होता हो? साबुदाणा म्हणजे काय हे ज्याला समजावून सांगावं लागणार नाही, असा तोच एक दिसतोय.